आजीचं गोंदण ‘डाग’ समजून पुसलं : जुना फोटो दुरुस्त करताना कुठं थांबायचं?

शुक्रवारपेठकर

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण इथं फोटोतले जाणकार आहेत आणि कोल्हापूरकरही भरपूर आहेत, म्हणून इथंच विचारते.

आमच्या आजी-आजोबांचा जोडीनं काढलेला एकच फोटो आहे. लग्नानंतर महिनाभरानं, १९६१ साली, स्टुडिओत जाऊन काढलेला. आजोबा खुर्चीवर, कोट आणि फेटा. आजी शेजारी उभी, इरकल नेसलेली, हात खुर्चीच्या पाठीवर. मागं खांब आणि जिना रंगवलेला पडदा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा आजीला, कागदपत्रांना आणि गॅसच्या टाकीला घेऊन आम्ही बाहेर पडलो. भिंतीवरचा फोटो राहिला. पाणी उतरल्यावर परत आलो तोवर फ्रेम चार-पाच दिवस पाण्यात होती.

आता अवस्था अशी : फोटो काचेला चिकटलाय. खालच्या भागात तपकिरी-पिवळे ओघळ आहेत, बुरशीचे ठिपके सगळीकडं, आणि आजोबांच्या एका कानापाशी चित्राचा थरच निघून गेलाय.

मागच्या महिन्यात एका ठिकाणी दुरुस्तीला दिला. त्यांनी मोबाइलनं त्याचा फोटो काढला आणि दोन दिवसांत मोठी चकचकीत प्रिंट हातात दिली. ८०० रुपये घेतले. घरात सगळे खूश. आजीनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “माझं गोंदण कुठं गेलं?”

तेव्हा आमच्या लक्षात आलं. भुवयांच्या मधला ठिपका नाही, हनुवटीवरचे तीन नाहीत. बुरशीच्या ठिपक्यांबरोबर तेही साफ. मग ती म्हणाली, “आन् ह्यांचा कान कुनी सरळ केला?” आजोबा तालमीतले. त्यांचे कान मोडलेले होते. प्रिंटमध्ये दोन्ही कान एखाद्या पोरासारखे कोवळे.

ती प्रिंट आता कपाटात आहे. मला परत पहिल्यापासून करायचंय, नीट. तर, काचेला चिकटलेला फोटो सोडवता येतो का? हे एआयनं होतं की हातानं करावं लागतं? आणि दुरुस्ती करताना थांबायचं कुठं?

डार्करूम_अण्णा

ताई, सगळ्यात आधी : काच ओढू नका. सुरीनं नको, ब्लेडनं नको, यूट्यूबवर बघून वाफेनं तर मुळीच नको.

काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर चित्र असतं ते जिलेटिनच्या थरात, चांदीच्या बारीक कणांचं. जिलेटिन पाण्यात फुगतं, मऊ होतं, डिंकासारखं चिकट होतं आणि काचेला टेकलेलं असेल तर वाळताना तिथंच धरून बसतं. आता ओढलंत तर कागद हातात येईल आणि चित्र काचेवर राहील. तुमच्या आजोबांच्या कानापाशी असंच झालेलं दिसतंय, फ्रेम पडली असेल किंवा कुणी उघडायचा प्रयत्न केला असेल. सोडवायचाच असेल तर ते कागद-फोटोच्या संवर्धकाचं काम आहे. घरात करायचं नाही.

तुमचं काम मात्र काच न काढताही होतंय. मागची पाठ आणि लाकडी चौकट हलक्या हातानं काढा, काच वरून कोरड्या मऊ फडक्यानं पुसा आणि काचेसकट स्कॅन करा. एक लक्षात ठेवा : बाजारात मिळणारे पातळ, यूएसबीवर चालणारे स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे असतात. त्यांना काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं, दोन-तीन मिलिमीटर वर असलेलं धूसर येतं. सीसीडी जातीचा जाड, जुना फ्लॅटबेड शोधा. त्याला खोली जास्त दिसते.

बाकीचं रात्री लिहितो. दुकानात गिऱ्हाईक आहे.

निपाणीवेस

वाचनखूण साठवली. आमच्याकडंही अशी एक फ्रेम माळ्यावर आहे, काल आई ती सुरीनं उघडायला निघाली होती. अण्णांचा प्रतिसाद वेळेवर वाचला.

पिक्सेलपाटील

धागाकर्तीला झालेलं दुःख समजतं, पण दोष एआयचा कमी आणि वापरणाऱ्याचा जास्त. मी पुण्यात याच क्षेत्रात काम करतो म्हणून जरा सविस्तर.

चेहरे दुरुस्त करणारी जी मॉडेल फुकट मिळतात, उदाहरणार्थ जीएफपीगॅन (२०२१) किंवा कोडफॉर्मर (२०२२), ती ‘एफएफएचक्यू’ नावाच्या संग्रहावर शिकलेली आहेत. त्यात फ्लिकरवरून गोळा केलेले ७०,००० चेहरे आहेत. मॉडेलला तुमचा खराब चेहरा दाखवला की ते त्यातला मजकूर ‘वाचत’ नाही, शिकलेल्या चेहऱ्यांवरून तिथं काय असायला हवं याचा अंदाज बांधून तो रंगवतं. हनुवटीवर तीन काळे ठिपके असलेले चेहरे त्यानं किती बघितले असणार? आणि मोडलेले कान? म्हणून त्याच्या लेखी गोंदण म्हणजे बुरशी आणि मोडका कान म्हणजे खराब झालेला कान.

पण कोडफॉर्मरला एक आकडा देता येतो, ० ते १ मधला. १ कडं नेला की मूळ चेहऱ्याशी जास्त इमान राखतं, ० कडं नेला की चेहरा गुळगुळीत पण परका होतो. दुकानवाले हा आकडा बघतच नाहीत, एक बटण दाबतात.

माझा सल्ला : चेहऱ्याला एआय लावूच नका. पडदा, खुर्ची, साडीचा खालचा भाग, तिथं खुशाल लावा. तिथं अंदाज चुकला तरी कुणाचं काही जात नाही.

शुक्रवारपेठकर

@पिक्सेलपाटील, साडीचा खालचा भाग खुशाल? त्या इरकलीचे काठ आजीला आजही पाठ आहेत. तिच्या आईनं दिलेली साडी आहे ती. तिथंही अंदाज नको.

पिक्सेलपाटील

मान्य. साडी मागं घेतो. पडदा आणि खुर्ची.

बिंदूचौक

पडदाही नको रे भावा! कोल्हापुरातले स्टुडिओचे पडदे म्हणजे वेगळा विषय आहे. आनंदराव आणि बाबुराव पेंटर या भावांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, आणि त्याच बाबुरावांनी दामल्यांना हाताशी घेऊन सिनेमाचा कॅमेरा इथंच तयार केला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ रोज बघतो आपण, पण त्या पिढीच्या हाताखाली शिकलेल्यांनी रंगवलेले स्टुडिओचे पडदे किती शिल्लक आहेत? फोटोंच्या मागंच तेवढे उरलेत. ताईंच्या फोटोतला खांब-जिना कुणी रंगवला हे आज कोण सांगणार? तो पुसून एआयचा गुळगुळीत खांब लावला तर उरलेला पुरावाही गेला.

पिक्सेलपाटील

मग खुर्ची तरी ठेवा माझ्यासाठी. 🙂

शिरोळची_माई

पुराचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव, कारण पंचगंगा पुन्हा येणारच आहे. २०१९ ला राजाराम बंधाऱ्याशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४३ फूट. २०२१ ला परत तेच. आमच्या शिरोळ तालुक्यात तर पाणी उतरायलाच किती दिवस लागले.

पहिल्या पुरात आम्ही भिजलेले अल्बम घाईघाईनं गच्चीवर उन्हात टाकले. जसेच्या तसे, मिटलेले. दोन दिवसांनी त्यांच्या विटा झाल्या. एक पान सुटेना. माझ्या सासूबाईंचे लग्नाचे, माझ्या मुलाच्या बारशाचे, सगळे एकमेकांना चिकटून एक ठोकळा. तो ठोकळा मी अजून टाकलेला नाही.

दुसऱ्या पुराच्या आधी माझ्या भाच्यानं सांगून ठेवलं होतं, म्हणून या वेळी उलटं केलं. भिजलेले फोटो वाळू दिलेच नाहीत. थंड स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात ठेवले, चिखल आपोआप सुटू दिला, चित्राच्या बाजूला बोट लावलं नाही. पाणी बदलत गेलो. मग एकेक सोडवून, चित्र वर करून, सावलीत जुन्या धोतरावर पसरले. वाकडे झाले, पण वाकडे फोटो नंतर सरळ करता येतात. हे सगळं दोन दिवसांच्या आत करायचं, त्यापुढं पाण्यातही जिलेटिन सुटायला लागतं आणि बुरशी धरते. तेवढा वेळ नसेल तर प्रत्येक फोटोमध्ये बटर पेपर घालून, पिशवीत बांधून फ्रीझरला ठेवायचे आणि सवड मिळेल तसे काढायचे. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीझरला ठेवायच्या नाहीत.

शंभरातले नव्वद तरी वाचले. म्हणून सांगते, दुरुस्तीची वेळच येऊ नये असं करा. जून सुरू व्हायच्या आत भिंतीवरचे फोटो उतरवून वरच्या मजल्यावर न्यायचे, आमच्याकडं आता बियाण्यांच्या पोत्यांबरोबर फोटोंची पेटीही वर जाते.

निपाणीवेस

माई, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून वर ठेवायला हवा. संपादक मंडळ, लक्ष द्या.

कागलकर

+१

डार्करूम_अण्णा

दुकान बंद करून बसलोय, आता लिहितो.

पिक्सेलपाटील म्हणतात ते शास्त्र बरोबर असेल. पण एक गोष्ट सांगतो. फोटो ‘सुधारणं’ हे कॉम्प्युटरनं आणलेलं नाही. माझे वडील रिटचिंग करायचे. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं, खाली आरसा लावलेल्या डेस्कवर, भिंगातून. निगेटिव्हवर पेन्सिल लावली की प्रिंटमध्ये तिथं उजळ येतं. देवीचे व्रण, डोळ्यांखालचं काळं, सुरकुत्या, हे सगळं तेव्हाही पुसलं जायचं. गिऱ्हाईक सांगूनच जायचं, “जरा गोरा करा.” प्रिंटवर धुळीचे पांढरे ठिपके आले की बारीक कुंचल्यानं शाई भरायची, त्याला स्पॉटिंग म्हणायचो.

पण वडील गोंदण पुसत नसत. त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं की हे गोंदण आहे. गल्लीत दहा बायका तसल्या बघितलेल्या. हातात पेन्सिल धरणाऱ्याला समोरचा माणूस माहीत होता, फरक तिथं आहे.

रंगाचंही तसंच. काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर तैलरंगांनी रंग भरून द्यायचो. फोटो काढतानाच निगेटिव्हच्या पाकिटावर लिहून घ्यायचं : साडी हिरवी, काठ लाल, खण जांभळा, डोळे घारे. ती पाकिटं आहेत माझ्याकडं थोडी. निगेटिव्ह मात्र गेल्या. शेजारच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतल्या काचेच्या निगेटिव्ह तर माझ्या डोळ्यांसमोर भंगारात गेल्या. घेणाऱ्यानं गरम पाणी आणि सोडा लावून खरवडल्या आणि काचा म्हणून विकल्या. कुणाच्या तरी खिडकीला असतील. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, चार पेट्या मागून घेतल्या असत्या तर दिल्या असत्या त्यांनी. मागितल्या नाहीत.

रंकाळा_सायंकाळ

अण्णा, हे वाचून गलबललं.

रंगाचा विषय निघालाय तर विचारते. माझ्या पणजीचा १९३५ च्या आसपासचा फोटो आहे, त्यात कुंकू अगदी काळं दिसतं, मोठं आणि काळंभोर. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की ती बुक्का लावायची. एका अ‍ॅपमध्ये टाकून रंगीत केला तर कपाळ कोरं आणि नऊवारी राखाडी-निळी. खरं काय असेल?

डार्करूम_अण्णा

बुक्का असेलही, पण फोटोवरून तसं म्हणता येणार नाही. तेव्हाच्या बऱ्याच प्लेटा ऑर्थोक्रोमॅटिक असत. त्यांना लाल रंग दिसतच नाही. म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. लाल कुंकू त्या प्लेटवर काळंच उमटणार, लाल साडीही काळी आणि आभाळी निळी जवळजवळ पांढरी. उन्हात रापलेला चेहराही आहे त्याहून सावळा येतो. तुमच्या पणजीची ‘काळी’ साडी लालभडक असू शकते. घरात त्या साडीची गोधडी वगैरे शिल्लक असेल तर ती बघा, अ‍ॅपला विचारू नका.

रंकाळा_सायंकाळ

गोधडी आहे! आत्याकडं आहे. विचारते.

आता मुख्य प्रश्नावर माझं मत, आणि ते बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. माझ्या आईचा शेवटच्या चार वर्षांतला एकच बरा फोटो आहे, दवाखान्यातला. नाकात नळी, डोक्यावरचे केस गेलेले. चेहऱ्यावर हसू मात्र तिचंच. मी तो एका ओळखीच्या मुलाकडून करून घेतला. त्यानं नळी काढली, तिचा जुन्या फोटोतला पदर डोक्यावरून घेतला. मागची सलाइनची बाटली काढली. तो फोटो आमच्या देवघराशेजारी आहे. इथं सगळे म्हणताहेत की जे आहे ते पुसू नये. मी पुसलं. आणि मला रोज तिच्याकडं बघता येतं, जे आधी येत नव्हतं. गोंदण आजीचं होतं. नळी माझ्या आईची नव्हती.

कागलकर

तुमचं शेवटचं वाक्य तीनदा वाचलं.

बिंदूचौक

तरीही मी म्हणेन, मूळ ठेवलंत ना? नळीसकट?

रंकाळा_सायंकाळ

ठेवलाय. दोन ठिकाणी. बघत नाही, पण ठेवलाय. तिच्या नातवंडांना कधी विचारावंसं वाटलं तर तेही त्यांचंच आहे.

पिक्सेलपाटील

मूळ ठेवण्याबद्दल : स्कॅन जेपेगमध्ये नको, टिफमध्ये करा. जेपेग दर वेळी उघडून साठवलं की थोडं झिजतं. पोस्टकार्डाएवढा फोटो असेल तर ६०० डीपीआय पुरे, पासपोर्टएवढा असेल तर १२००. स्कॅनरमधलं आपोआप धूळ काढणं, उजळवणं, सगळं बंद. आणि फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा.

शेवटचं का, ते शुक्रवारपेठकर ताईंच्या कामाचं आहे. तुमचे ओघळ पिवळे-तपकिरी आहेत. पिवळा डाग निळा प्रकाश खातो, लाल प्रकाश बहुतेक तसाच परत पाठवतो. म्हणजे रंगीत स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग वेगळे केले तर निळ्यात डाग काळाकुट्ट दिसेल आणि लालमध्ये जवळपास नाहीसा होईल. फोटोशॉप असो की फुकटातलं गिम्प, चॅनेल वेगळे करून फक्त लाल घ्यायचा. एकही ठिपका हातानं पुसायच्या आधी निम्मं काम होतं, आणि ते कुठलाही अंदाज न बांधता. जे दिसतंय ते सगळं फोटोतच होतं.

शुक्रवारपेठकर

अहो, हे जादूसारखं झालं! भावाच्या ऑफिसमध्ये जुना मोठा स्कॅनर निघाला. काचेसकट स्कॅन केला, लाल चॅनेल घेतला. खालचे ओघळ ऐंशी टक्के गेले. इरकलीचा काठ दिसायला लागला. माझा आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून पळत आली.

आता एक नवीनच भानगड. काल लॅपटॉप घेऊन आजीकडं गेले. गोंदणाचे ठिपके कुठले आणि बुरशीचे कुठले ते तिलाच विचारून खुणा करायच्या होत्या. चेहरा मोठा करून दाखवला. बघितलं आणि म्हणाली, “फोटो उलटा छापलाय. माझं गोंदण ह्या हाताला पायजे, हितं त्या हाताला दिसतंय.” एवढी वर्षं भिंतीवर होता तेव्हा कधी म्हणाली नाही. भिंतीवर उंच होता, इतक्या जवळून तिनं स्वतःचा तो चेहरा बघितलाच नव्हता.

निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढली असेल असं होऊ शकतं का? फ्लिप करून टाकू का?

बिंदूचौक

करू नका फ्लिप! आधी तपासा. होऊ शकतं, पण तपासायला पुरावा फोटोतच असतो.

कागलकर

आजोबांचा कोट बघा. पुरुषाच्या कोटाचा वरचा खिसा त्याच्या डाव्या बाजूला. आपण समोरून बघतो तेव्हा तो आपल्या उजव्या हाताला दिसायला हवा. आणि कोटाची डावी बाजू उजवीवर येते. माझे वडील शिंपी, म्हणून हे पहिल्यांदा नजरेत येतं.

शुक्रवारपेठकर

खिसा माझ्या उजव्या हाताला दिसतोय. बटणंही तुम्ही म्हणता तशीच. म्हणजे फोटो सुलटा आहे. मग आजी चुकली?

डार्करूम_अण्णा

ताई, आजी चुकलेल्या नाहीत. त्या आरशातला चेहरा सांगताहेत.

आपण स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो. उजव्या गालावरचा तीळ आरशात उजव्याच हाताला दिसतो, फोटोत मात्र डाव्या हाताला. म्हणून तर स्टुडिओत गिऱ्हाईक म्हणायचं, “मी असा दिसत नाही,” आणि शेजारी उभी असलेली बायको म्हणायची, “अगदी असेच दिसता.” दोघंही खरं बोलत असायचे.

तुम्ही आजींच्या चेहऱ्याकडं बघा ना. गोंदण आहेच की अजून.

शुक्रवारपेठकर

अण्णा, आज सकाळी मुद्दाम गेले. तीन ठिपके हनुवटीच्या उजव्या बाजूला. फोटोतही तिथंच. निळसर हिरवे झालेत, सुरकुत्यांत थोडे पसरलेत, पण तिन्ही आहेत. मी आजवर हजार वेळा त्या चेहऱ्याकडं बघितलं असेल, बाजू विचारली असती तर सांगता आली नसती.

हातात छोटा आरसा दिला आणि शेजारी लॅपटॉप ठेवला. बराच वेळ एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होती. मग म्हणाली, “म्हंजी तुमास्नी मी अशी दिसती व्हय?”

खिडकीजवळ बसवून तिच्या हनुवटीचा जवळून फोटो काढून घेतला. त्यावरून आता जुन्या फोटोतल्या खुणा पक्क्या केल्या. चेहऱ्यावर ३१ ठिपके मोजले, त्यातले चार गोंदणाचे, बाकीचे बुरशीचे. ते एकेक हातानंच काढणार आहे.

लाल_माती

उशिरा आलो धाग्यावर. कानाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी स्वतः आठ वर्षं मातीत होतो.

कान मोडतो म्हणजे काय, तर डोक्याच्या पकडीत आणि घासाघाशीत कातडी आणि कूर्चेच्या मधे रक्त साठतं. ते वेळेवर काढलं नाही की तिथंच घट्ट होतं आणि कानाचा गड्डा होतो. आपल्याकडं त्यावर औषध करणं कुणाच्या डोक्यातच नसायचं, उलट कान मोडला की पोरगं घरी दाखवत यायचं. बसमध्ये कान बघून लोक जागा द्यायचे. तुमच्या आजोबांनी फोटोला फेटा बांधतानाही कान झाकला नाही, यातच आलं सगळं.

आता महत्त्वाचं : चांगला असलेला कान उलटा करून दुसऱ्या बाजूला चिकटवा असं कुणीतरी सांगेल. करू नका. दोन कान कधीच सारखे मोडत नाहीत. ज्या बाजूनं पैलवान जास्त घुसतो तो कान जास्त जातो.

तुमचे आजोबा ज्या तालमीत होते तिथं भिंतीवर जुने गटाचे फोटो असतील. बहुतेक तालमींत असतात. जाऊन बघा, वस्तादांना सांगा, कुणी नाही म्हणणार नाही.

पिक्सेलपाटील

मी खरंच तोच सल्ला देणार होतो, कान उलटा करून चिकटवायचा. आम्ही रोज करतो हे. लाल_माती, आभार. हे कुठल्याच ट्यूटोरियलमध्ये नाही.

वाचनमात्र

सहा वर्षांत पहिल्यांदा प्रतिसाद देतोय. माझ्या आजोबांचेही कान असेच होते आणि आमच्याकडंही ‘सुधारलेला’ फोटो आहे. आज मूळ शोधायला माळ्यावर चढतोय.

निपाणीवेस

वाचनमात्र, स्वागत! शिडी कुणालातरी धरायला सांगा.

शुक्रवारपेठकर

तालमीत जाऊन आले. भावाला घेऊन गेले होते. वस्तादांनी आजोबांचं नाव ऐकून आधी चहा मागवला, मग स्टुलावर चढून स्वतः फ्रेम काढून दिली. १९५९ चा गटाचा फोटो, तीस-पस्तीस जण, दुसऱ्या रांगेत आजोबा. पण चेहरा मसुराच्या डाळीएवढा आणि नेमका तो कान शेजारच्याच्या खांद्याआड. १२०० वर स्कॅन करूनही काही हाती लागलं नाही.

म्हणून ठरवलंय ते असं. एक फाइल जशीच्या तशी, काच-बुरशीसकट, तिला हात लावायचा नाही. दुसरी आमची : ओघळ काढलेले, बुरशी काढलेली, गोंदण शाबूत, पडदा आणि साडी आहे तेवढीच. कानाच्या जागी जिथं थर गेलाय तिथं आजूबाजूचा करडा रंग भरलाय, आकार काढलेला नाही. जवळून बघितलं तर कळतं, लांबून डोळ्यांत येत नाही. काकांचं म्हणणं होतं की लाल_माती यांच्यासारख्या जाणकाराला समोर बसवून अंदाजानं कान काढून घ्यावा. आजीला विचारलं तर तिनं हातानं कान कसा होता ते दाखवलं, अंगठा आणि बोट वळवून. पण ती दर वेळी दाखवते ते थोडं वेगळं असतं. म्हणून नाही काढला. आजी खुर्चीत बसून ते दाखवतेय, त्याचाच व्हिडिओ करून फाइलीबरोबर ठेवलाय.

प्रिंट ८ बाय १० ची, मॅट कागदावर. या वेळी काच आणि फोटोच्या मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट घातलीय, त्यामुळं फोटो काचेला टेकणार नाही. आणि फ्रेम वरच्या मजल्यावर.

डार्करूम_अण्णा

माउंट घातलात हे बेस केलंत. मागच्या बाजूला पेन्सिलीनं नावं, साल आणि काय काय दुरुस्त केलं ते लिहा. बॉलपेननं नको, ठसा उमटतो.

शिरोळची_माई

ताई, माझा तो ठोकळा अजून आहे. त्यात सगळ्यात वरचा फोटो दिसतो, बारशाचा. फक्त तेवढा काचेसकट केलात तसा स्कॅन होईल का? खालचे नाही सुटले तरी चालतील.

शुक्रवारपेठकर

होईल माई. ठोकळा तसाच घेऊन या, वाटेत दाबला जाणार नाही असा डब्यात. रविवारी स्कॅनर मोकळा असतो. अण्णा, तुम्ही येता का? वरचं पान कसं धरायचं ते तुम्हीच सांगा.

डार्करूम_अण्णा

येतो. दहाला.

लाल_माती

मीही येतो. वाचनमात्र, तुमचा सापडला का माळ्यावर?

वाचनमात्र

सापडला. कानासकट. घेऊन येतोय.